परिक्रमेची पोथी: पाण्याच्या आधीची की नंतरची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. रेकॉर्डिंगमध्ये मधेच लोणावळा लोकलचा भोंगा वाजतो, तो इथे गाळलाय. बाकी बोलले तसंच ठेवलंय, थोडं नीट करून.

आजचा प्रश्न साधा वाटतो. नर्मदा परिक्रमेला पायी निघायचं तर सोबत कोणतं पुस्तक न्यावं?

हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो आमच्या आत्यामुळे. आत्या कामशेतची. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, आता निवृत्त. वय 61, गुडघे बरे, जिद्द त्याहून बरी. तिचं म्हणणं, "तू इतिहासाचं एवढं वाचतेस ना, मग मला एकच पुस्तक सांग. दोन नकोत, पाठीवर ओझं होतं." मला वाटलं, पाच मिनिटांत सांगून मोकळी होईन. पुस्तकं काढून बसले आणि लक्षात आलं की हा प्रश्न पुस्तकांपेक्षा धरणांचा जास्त आहे. ते कसं, ते सांगते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि पश्चिमेला वाहत भरूचजवळ समुद्राला मिळते. लांबी 1312 किलोमीटर. परिक्रमा म्हणजे ही अख्खी नदी उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती चालायचं. दोन्ही काठ धरले की सरळ गुणाकारानेच 2624 होतात, आणि प्रत्यक्षात वळणं-वळसे धरून त्याहून जास्तच. बरेच जण ओंकारेश्वरला संकल्प सोडतात, दक्षिण काठाने पश्चिमेला समुद्रापर्यंत जातात, विमलेश्वरहून नावेत बसून मिठी तलाईला उतरतात, मग उत्तर काठाने उलटे अमरकंटकपर्यंत आणि पुन्हा दक्षिण काठाने ओंकारेश्वर. जुनी रीत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. चातुर्मासात चालायचं नाही, एका जागी थांबायचं. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे नर्मदा ओलांडायची नाही. उपनद्या चालतात, मुख्य पात्र नाही. ओलांडलं की परिक्रमा खंडित.

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, पुस्तक कशाला, फोन आहे की. आत्याच्या मुलानेही हेच सांगितलं. पण गूगल मॅप्सला एक गोष्ट शिकवलेली नाही, ती म्हणजे पूल असूनही त्यावरून न जाणं. त्याचं सगळं शहाणपण जवळची वाट शोधण्यात आहे, आणि जवळची वाट हमखास कुठल्यातरी पुलावरून जाते. सोळाव्या दिवशी बाई त्या पुलावर उभ्या आणि फोन सांगतोय सरळ चला! नकाशा आहे, पण चालणाऱ्याचा नेम त्यात नाही. यात्रेचं पुस्तक लागतं ते याच कारणासाठी.

अशी पुस्तकं आपल्याकडे किती जुनी आहेत? संस्कृतात महात्म्यं आहेत. स्कंदपुराणाचा रेवाखंड म्हणजे नर्मदेच्या तीर्थांची भली मोठी यादी. पण महात्म्यात काय मिळतं, तर इथे स्नान केलं की अमुक फळ, तिथे दान केलं की तमुक. पुढचं तीर्थ किती कोसांवर, मधे पाणी आहे का, रात्री कुठे टेकायचं, याचा हिशेब तिथे शोधायला जाऊ नये. ते निघायला लावणारं पुस्तक आहे.

याच्या अगदी उलट टोकाला मराठीतलं एक नवल आहे. महानुभाव पंथाची स्थानपोथी, चौदाव्या शतकातली. चक्रधर स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, निजले, त्या जागांची ही नोंद. कुठलं गाव, गावातलं कुठलं देऊळ, त्याचं दार कुठल्या दिशेला, त्यापासून स्वामींची जागा कुणीकडे. वाचताना भक्तिग्रंथ हातात आहे की तलाठ्याची वही, असा प्रश्न पडतो. आणि ते मुद्दाम तसं आहे. स्वामी गेले, त्यांना पाहिलेली माणसंही गेली, मग मागून येणाऱ्याने डोकं टेकायचं कुठे? तर नेमकं इथे, हाताच्या अंतराने मोजून. या जागांवर पंथाच्या लोकांनी ओटे बांधले, आणि आजही महानुभाव यात्रेकरू त्या ओट्यांना नमस्कार करत फिरतात. माझ्या मते मराठीतलं पहिलं खरं वाटाड्याचं पुस्तक हेच. (गंमत अशी की परंपरेनुसार चक्रधर मूळचे भरूचकडचे, म्हणजे नर्मदा समुद्राला मिळते तिथलेच.)

हा फरक डोक्यात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच आहे. एक पुस्तक माणसाला घराबाहेर काढतं. दुसरं पुस्तक पाऊल कुठे टाकायचं ते सांगतं. आपण पहिलं वाचून भारावतो आणि तेच दुसरं म्हणून पिशवीत टाकतो.

आता मावळात येऊ. परिक्रमेला निघालेल्या मराठी माणसाच्या घरात एक पुस्तक बहुधा सापडतंच, ते म्हणजे गो. नी. दांडेकरांचं 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. आणि गोनीदा आमचेच, म्हणजे तळेगाव दाभाड्याचे. जन्म 1916, विदर्भात परतवाड्याला, पण राहिले तळेगावात, इतके की मावळातली जुनी माणसं त्यांच्याबद्दल बोलताना अजून वर्तमानकाळ वापरतात. लहान वयात घर सोडलं, स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, आणि तरुणपणी नर्मदेच्या काठाने चालले. भ्रमणगाथा त्या चालण्यातून आली. आत्याने ती कॉलेजात असताना वाचली होती. तिच्या डोक्यात परिक्रमेचं खूळ भरलं ते तिथून. तिच्या प्रतीची पानं पिवळी पडून सुटी झालीत, रबर लावून ठेवलीय. तीच न्यायचा तिचा विचार होता.

मी तिला एक तारीख सांगितली. 5 एप्रिल 1961. त्या दिवशी पंडित नेहरूंनी नर्मदेवरच्या मोठ्या धरणाची कोनशिला बसवली. गोनीदा त्याच्या कितीतरी आधी चालून आले होते. म्हणजे त्यांच्या पायाखालची नर्मदा ही धरणाआधीची नर्मदा.

"मग? नदी तीच आहे ना?" आत्या म्हणाली.

यावर आम्ही मावळातली माणसं दूर जायची गरज नाही. पवनेचं धरण बघा. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं. त्याच्या पाण्यात वाघेश्वराचं देऊळ आहे. वर्षातले सात-आठ महिने ते पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी वरचा भाग दिसतो, मग भिंती, मग माणसं चिखलातून जाऊन दर्शन घेतात, आणि इन्स्टाग्रामवर तर त्याची जत्राच भरते. समजा एखाद्याकडे धरणापूर्वीची वही आहे, त्यात लिहिलंय की गावातून निघा, देवळाशी पाणी प्या, पुढे चढण लागेल. यातला एक शब्दही खोटा नाही. पण ती वही घेऊन तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात तर बुडाल. लोणावळ्यात वळवणच्या तलावाकाठी संध्याकाळी फिरताना मला तर नेहमी वाटतं, याच्या तळाशी कुणाची रोजची पायवाट असेल. आम्ही धरणांच्या तालुक्यात राहतो, तरी हे विसरतो.

वाघेश्वर निदान दरवर्षी वर येतो. नर्मदेचं तसं नाही.

जबलपूरजवळचं बरगी धरण 1990 मध्ये पूर्ण झालं. इंदिरा सागरच्या पाण्यासाठी 2004 मध्ये हरसूद हे अख्खं गाव रिकामं केलं गेलं, लोकांनी स्वतःची घरं स्वतःच पाडली. खाली ओंकारेश्वरला धरण, त्याच्याखाली महेश्वरला, आणि शेवटी सरदार सरोवर. त्याचं काम 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात जोरात सुरू झालं, 2006 मध्ये भिंत 121.92 मीटरवर पोचली, 2017 मध्ये 138.68 मीटरवर दरवाजे बंद झाले आणि 17 सप्टेंबर 2017 ला लोकार्पण झालं. पण पाणी त्या खुणेपर्यंत पहिल्यांदा पोचलं ते सप्टेंबर 2019 मध्ये. हे वर्ष लिहून ठेवा. बडवानीजवळच्या राजघाटापासून धरणाच्या भिंतीपर्यंतच्या दक्षिण काठाबद्दल 2019च्या आधी छापलेली कोणतीही मार्गदर्शिका आता इतिहासाचं पुस्तक आहे, वाटाड्याचं नाही.

आणि हाच टप्पा परिक्रमेतला सगळ्यात गाजलेला. शूलपाणीची झाडी. इथे नर्मदा काही अंतर महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा आणि धडगाव तालुके. परिक्रमेची बहुतेक वर्णनं इथे आली की आवाज खाली आणून बोलतात. कारण झाडीत भिल्ल यात्रेकरूंना लुटत. अंगावरच्या लंगोटीपर्यंत सगळं काढून घेत, पण जिवाला धक्का लावत नसत. परिक्रमावासी त्यांना 'मामा' म्हणतात, आणि ही लूट म्हणजे मैयानेच घेतलेली वैराग्याची परीक्षा, असं मानतात.

मला इथे जरा थांबायचंय. या वर्णनांमध्ये भिल्ल कधी येतात, तर आपल्या परीक्षेपुरते. ते कुठल्या गावचे, खातात काय, त्यांना लुटण्याची पाळी का आली, हे क्वचितच. वाटेत नदी असते, जंगल असतं, तसे भिल्ल असतात. आणि मग धरण आलं तेव्हा महाराष्ट्रातली 33 गावं त्याच्या फेऱ्यात सापडली, ती बहुतेक याच लोकांची. मणिबेली त्यातलं अगदी पहिलं. ज्यांना पुस्तकांनी लुटारू म्हटलं त्यांचीच घरं, शेतं आणि जंगल गेलं. नर्मदा बचाव आंदोलनाने या डोंगरांमध्ये सुरू केलेल्या जीवनशाळांमध्ये त्याच 'मामां'ची मुलं शिकली. मणिबेलीजवळ शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ होतं, ज्याच्यावरून झाडीला नाव पडलं. तेही नव्वदच्या दशकात पाण्यात गेलं. देवासाठी गुजरातेत गोऱ्याला नवीन देऊळ बांधलं गेलं. देवाचं पुनर्वसन माणसांपेक्षा लवकर झालं, असं तिथले लोक म्हणत असतील तर मला नवल वाटणार नाही.

आता काठाने जायला सलग वाट नाही म्हटल्यावर बरेच परिक्रमावासी हा टप्पा खालून वळसा घालून करतात, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा अशा डांबरी रस्त्याने. प्रकाशा तर तापीवर! म्हणजे नर्मदेच्या परिक्रमेत तापीचं दर्शन. काही जण अजूनही डोंगरातून, पाड्यापाड्यावर विचारत जातात. दोन्ही वाटांचे कैवारी आपापसात भांडतात, खरी परिक्रमा कुठली म्हणून. त्यात मला पडायचं नाही. पण 61 वर्षांच्या बाईला डोंगरातून जायचं की रस्त्याने, हे ठरवायला जुन्या पुस्तकातली झाडी उपयोगी नाही एवढं नक्की.

इथे दामोदर धर्मानंद कोसंबींची आठवण येते. गणितज्ञ, पण मावळातले डोंगर त्यांनी पायाने इतके तुडवले की इतिहासकार झाले. कार्ले, बेडसे, तिथल्या वाटा, वाटेवरच्या देवी, शेतात सापडणारी दगडी हत्यारं. 'मिथ अँड रिअॅलिटी' हे त्यांचं पुस्तक 1962चं. पंढरीच्या वाटेबद्दल त्यांनी त्यात मांडलं की यात्रेच्या वाटा देवांपेक्षा जुन्या असू शकतात. शेतीच्याही आधी माणसं आपली जनावरं घेऊन पावसा-पाण्यामागे ज्या वाटांनी हंगामी फिरत, त्याच वाटांवर पुढे देव बसले आणि पालख्या चालू लागल्या. हे सगळ्यांना पटलेलं नाही, मलाही प्रत्येक तपशील पटत नाही. पण एकवीरेच्या पायऱ्या चढताना आपण बाजूच्या चैत्यात दोन हजार वर्षांपूर्वी आलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या वाटेवर आहोत, हे समजतं तेव्हा कोसंबी वेडं काही बोलत नव्हते हेही समजतं. राजवटी बदलल्या, पंथ बदलले, पण वाट राहिली. नर्मदेच्या काठावर मात्र आपल्या डोळ्यांदेखत ती बुडाली. पन्नास-साठ वर्षांत. हे आधी कधी झालेलं नाही.

बरं, मग नवी पुस्तकं. मराठीत परिक्रमेची लाट आली ती जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'मुळे. त्यांनी चार वेळा परिक्रमा केली. गावोगावच्या वाचनालयांत या पुस्तकाला नंबर लावावे लागत. जबरदस्त वेगाचं पुस्तक आहे, चमत्कार आहेत, साधू आहेत, लेखकाचा स्वभाव पानापानांवर. पण ते कुंटे यांच्या साधनेचं पुस्तक आहे. ते वाचून तसेच अनुभव यावेत म्हणून निघणाऱ्यांना मी लांबूनच नमस्कार करते.

आत्यासाठी मला जास्त कामाचं वाटलं ते भारती ठाकूर यांचं. नाशिकच्या या बाई 2005-06 मध्ये दोन मैत्रिणींबरोबर पायी परिक्रमा करून आल्या, आणि मग नोकरी सोडून नर्मदेच्या काठावर शाळा चालवायला गेल्या. खरगोन जिल्ह्यातल्या लेपा पुनर्वास या गावी. गावाच्या नावातलं 'पुनर्वास' बघा, तेही धरणाचंच लेणं. बाईने चालताना काय काय प्रश्न येतात, अंघोळ, मुक्काम, सोबत, आजारपण, हे बाईनेच लिहिलेलं वाचावं. पुरुषांच्या पुस्तकांत धर्मशाळेची ओसरी असते. त्या ओसरीला कडी आहे का, हे त्यांना बघावं लागत नाही.

आणि एक मराठी नसलेलं. जबलपूरचे अमृतलाल वेगड. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार. 1977 मध्ये, पन्नाशीला आले असताना त्यांनी चालायला सुरुवात केली, आणि एका दमात नाही, तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षं. त्यांच्या 'सौंदर्यनी नदी नर्मदा' या गुजराती पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हिंदीतही त्यांनी स्वतः लिहिलं, ते सहज मिळतं. बरगीचं पाणी चढण्याआधीचा काठ त्यांनी पाहिला, रेखाटला. वेगडांमुळे आत्याला एक मोठी गोष्ट कळली. सगळं एकदम केलंच पाहिजे असं नाही. दोन महिने चालायचं, घरी यायचं, पुढच्या वर्षी सोडलं तिथून धरायचं. परंपरावाले याला नाकं मुरडतील. मुरडू देत.

तर शेवटी मी तिला काय सांगितलं? गोनीदा घरी वाचायचे, निघायच्या आधी, आणि परत आल्यावर पुन्हा. न्यायचे नाहीत. भारती ठाकूर यांचं पुस्तक वाचून सामानाची यादी करायची. आणि सोबत न्यायची ती बारकी, स्वस्त कागदावरची मार्गदर्शिका, ओंकारेश्वरच्या घाटावर दुकानांत मिळते तसली. नुसती गावांची नावं, अंतरं, आश्रम, सदावर्त कुठे मिळतं ते. साहित्य म्हणून शून्य किंमत. पण घेताना आतलं छापल्याचं साल बघायचं. 2019च्या आधीचं असेल तर पुढच्या दुकानात जायचं. साल छापलेलंच नसेल तर राजघाटाच्या पुढचा मार्ग उघडायचा. काठाकाठाने सलग गावं दिली असतील तर ती जुनीच नक्कल आहे, नुसतं मुखपृष्ठ नवीन. आणि जे मिळेल त्यात रोज संध्याकाळी मुक्कामावर, समोरून येणाऱ्या माणसाला विचारून, पेनाने दुरुस्त्या करायच्या. स्थानपोथीवाल्यांनी तरी दुसरं काय केलं? माहीत असलेल्यांना विचारलं आणि लिहून ठेवलं.

आत्याने हे मास्तरणीच्या पद्धतीने मनावर घेतलंय. शंभर पानी वही आणलीय, डाव्या पानावर छापील काय सांगतं, उजव्या पानावर प्रत्यक्षात काय आहे. पहिला टप्पा कार्तिकी पौर्णिमेनंतर, ओंकारेश्वर ते राजघाट, एवढाच. फक्त तिची एक तक्रार आहे, त्या मार्गदर्शिकांचा टाइप फार बारीक असतो. चष्म्याचा नंबर बदलून घेतलाय, पुढच्या बुधवारी मिळेल.